दारातला आडवा खांब

सकाळी साडेसातला फोन वाजला. पलीकडे नवरीचे काका होते.

"मॅडम, तुमची माणसं एक खांब लावायचा विसरली. दारात आडवा पडलाय. येणारा-जाणारा ठेचकाळतोय."

"विसरली नाहीत. तो तसाच ठेवायचाय. मी तुमच्या वहिनींना, नवरीच्या आईला, सांगितलं होतं."

"तसाच म्हणजे? अर्धवट मांडव?"

"दहा वाजता तुमचं गाव येईल ना, ते उभा करतील."

"गावाला कशाला त्रास? मग तुम्हाला कशासाठी बोलावलंय?"

हा प्रश्न मला दर उन्हाळ्यात विचारला जातो. माणसं बदलतात, शब्द तेच राहतात. मी पहिल्यांदा सांगते, दुसऱ्यांदा समजावते, तिसऱ्यांदा म्हणते की जरा वहिनींकडे फोन द्या. बायकांना हे लवकर कळतं. तोवर माझा चहा गार झालेला असतो. लग्नसराईच्या दिवसांत मी गरम चहा शेवटचा कधी प्यायले, ते मला आठवत नाही.

सराई आली हे मला कानाने कळतं. भिवंडीचा आवाज उतरतो. एरवी निजामपुऱ्यात शिरलं की दोन्ही बाजूंनी पॉवरलूमची खटखट अंगावर येते, पायाखालची फरशीसुद्धा थरथरते. एप्रिल सरत आला की कामगार आपापल्या मुलखाला, यूपी-बिहारकडे, जातात, तिकडेही लग्नंच असतात, आणि इथली एकेक शेड गप्प होत जाते. मग गल्लीत एरवी न ऐकू येणारे आवाज येऊ लागतात. कोणाच्या घरातली कुकरची शिट्टी, नळाखाली भरणारा हंडा, गोळेवाल्याच्या रंध्यावर किसला जाणारा बर्फ. आणि लांबून, खाडीकडच्या गावांतून, बेंजो.

त्या शांततेत मला दर वर्षी तोच एक उन्हाळा आठवतो आणि दर वर्षी तितकीच चिडचिड होते. कोणावर, ते मात्र नीट सांगता येत नाही.

दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली होती. मोबाइल आले होते, पण बोलायला नाही, मिस्ड कॉल द्यायला. वीज दिवसाकाठी कितीतरी तास जायची, आणि जायच्या वेळा कागदावर छापून येत असल्या तरी ती त्या वेळा पाळायची नाही. मी नुकती बी.कॉम. झाले होते. आमच्या घरातली पहिली.

बाबा वाडा तालुक्यातल्या गावातून कामासाठी भिवंडीत आले, लूमवर लागले, आणि टेमघरला दोन खोल्यांत आमचा संसार उभा राहिला. त्यांचं शिक्षण चौथी. माझा निकाल लागला त्या दिवशी ते पेढे घेऊन शेडमध्ये गेले. चालू लूमपुढे कोणाला काही ऐकू जाईना. मग एकेकाच्या कानाशी तोंड नेऊन त्यांनी सांगितलं, "पोरगी ग्रॅज्युएट झाली." वीस-बावीस कानांत. त्या शेडने त्यांचं स्वतःचं ऐकणं मात्र निम्मं खाल्लं. माझं शिक्षण त्यांच्या कानांच्या जिवावर झालं, हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही. बोलले असते तर ते "काय?" म्हणाले असते, आणि मला ते पुन्हा ओरडून सांगावं लागलं असतं.

बी.कॉम.नंतर मी ठाण्याला शनिवार-रविवारचा एक कोर्स केला. इव्हेंट मॅनेजमेंट. वर्गातले बरेच जण इंग्रजीतच हसायचे. मी मागच्या बाकावर बसून शब्द न् शब्द वहीत उतरवायचे, कारण शाळेत आम्हाला तेच शिकवलं होतं, कळत नाही ते आधी लिहून घ्या. आमचे सर एक वाक्य नेहमी सांगायचे, "यजमान आपल्याच कार्यक्रमात पाहुण्यासारखा फिरला पाहिजे. त्याला एक खुर्ची जरी उचलावी लागली, तर तुम्ही नापास." मी त्याखाली लाल पेनाने दोन रेघा मारल्या. त्या दोन रेघांनी पुढे माझा काय घोळ केला, ते सरांना कधी कळलं नाही. त्यांचा त्यात दोष नव्हता. मीच ते वाक्य पाठ केलं होतं, शाळेत पाढे केले होते तसं.

घरी मात्र हे काही पोचेना.

"म्हणजे नक्की करायचं काय?" बाबांनी विचारलं.

"लोकांचे कार्यक्रम पार पाडायचे."

"कुणाचे?"

"कोणाचेही. लग्न, बारसं, उद्घाटन."

"लग्नं तं होतातच. आपल्या गावात एवढी झाली, ती कुणी पार पाडली?"

नळावर शिंदेकाकू बाबांना विचारायच्या, "वंदू काय करते हो आता?" बाबा म्हणायचे, "ऑफिसात हाय." ऑफिस म्हणजे आमची लोखंडी खाट. तिच्यावर माझ्या फायली, तिच्याखाली तांदळाची गोण.

मामाने बी.एड.चा फॉर्म आणून ठेवला होता. टीव्हीवर, क्रोशाच्या रुमालाखाली. भरायची मुदत जूनमध्ये होती. बाबांनी भांडण केलं नाही, ते कधीच करत नाहीत. एवढंच म्हणाले, "एक सराई बघ. जमलं तं जमलं. न्हाय तं पावसाच्या आधी फॉर्म भर. मास्तरीण होशील, त्यात काय वाईट न्हाय." त्यात वाईट काही नव्हतंच, म्हणून मला जास्त राग यायचा. टीव्ही लावताना तो रुमाल सरकायचा आणि फॉर्मचा कोपरा बाहेर डोकवायचा. बातम्या चालू असताना मी त्या कोपऱ्याकडेच बघत बसायचे.

पहिलं काम एका गोदामाच्या उद्घाटनाचं मिळालं. पाहुणे अकराला येणार होते, दोनला आले. तोवर फितीवरची फुलं मान टाकून बसली होती आणि कात्री कोणीतरी फरसाणाची पाकिटं फोडायला नेली होती. शेवटी फीत हाताने सोडली. दुसरं काम बारशाचं. वीज गेली आणि जनरेटरवाला म्हणाला की डिझेल आणायला माणूस पाठवलाय. तो माणूस बाळाचं नाव ठेवून झाल्यावर आला. तिसऱ्या ठिकाणी एका काकांचं नाव माइकवरून दुसऱ्या काकांच्या आधी घेतलं गेलं, आणि दुसरे काका न जेवता निघून गेले. त्यांना परत आणायला मी दुपारच्या उन्हात त्यांच्या मोटरसायकलमागे धावले होते. चपलेचा अंगठा तुटला, काका काही थांबले नाहीत.

मी प्रत्येक वेळी घरी येऊन वहीत लिहायचे, काय चुकलं, कोणी केलं, पुढच्या वेळी काय करायचं. सगळ्या नोंदींचं तात्पर्य एकच निघायचं. लोकांच्या हातात काही ठेवायचं नाही. सगळं आपण करायचं, आधी करायचं, पूर्ण करायचं.

मग प्रतिभाचं लग्न आलं.

प्रतिभा माझी कॉलेजातली मैत्रीण. कशेळीची, खाडीकाठच्या आगरी घरातली. तिचे आजोबा भात लावायचे आणि भरतीच्या वेळा बघून जाळं टाकायचे. वडिलांनी, अण्णांनी, त्याच जमिनीवर गोदामं बांधली. घर मोठं झालं, दारात दोन गाड्या आल्या, पण अण्णांचं बोलणं आजोबांचंच राहिलं. ते मला म्हणाले, "हॉलान असतो ना, तसा झाला पायजे. पन माझे दारान."

मला वाटलं, हेच ते. हे लग्न नीट झालं तर खाडीकाठच्या सगळ्या गावांत माझं नाव जाईल. नाही झालं तर टीव्हीवर फॉर्म होताच.

नाक्यावरच्या सायबर कॅफेत बसून मी कार्यक्रमाचा तक्ता टाइप केला. बारा पानं. मांडव, हळद, लग्न, मिनिटामिनिटाचा हिशेब. प्रिंट काढून त्याला प्लॅस्टिकचं कव्हर घातलं. आयुष्यात इतकं सुंदर काही मी आधी बनवलं नव्हतं.

प्रतिभाच्या आईने, काकींनी, त्यातलं एक पान उलटून विचारलं, "बाय, मांडवाचा बोलावना कवा फिरवाचा?"

त्यांच्या गावात रीत अशी की मांडवाच्या आदल्या संध्याकाळी घरातलं कोणीतरी दारोदार जाऊन सांगतं, उद्या मांडवाला या. मग सकाळी घराघरातून एकेक पुरुष येतो. कोणी पहार आणतो, कोणी कोयता, कोणी आंब्याच्या, उंबराच्या फांद्या. खड्डे खणतात, खांब उभे करतात, वर हिरवा पाला घालतात. बायका तांदूळ निवडतात, हळद कुटतात, आणि धवलारीण गाणी म्हणते. धवलारीण म्हणजे लग्नाची गाणी म्हणणारी बाई. कोणता विधी कधी, कोणी काय धरायचं, कोणी कुठं बसायचं, हे तीच सांगते. तिच्या तोंडून गाणं निघाल्याशिवाय पुढचं पाऊल पडत नाही.

मला त्यात दिसला तो गोंधळ. गावातली सगळी घरं, सगळ्यांच्या हातात पहारी, आणि कोणाच्याही मनगटावर घड्याळ नाही.

"काकी, त्याची गरज नाही," मी म्हटलं. "सगळी कामं आमची माणसं करतील. गावाने मांडवाला आणि हळदीला फक्त पाहुणे म्हणून यायचं."

"फकस्त पावने म्हून?"

"हो ना. तुम्हीसुद्धा. तुम्ही काडी उचलायची नाही."

त्यांनी तक्ता मिटून मला परत दिला. मला वाटलं, पटलं.

मांडवाचं काम शब्बीरभाईंकडे दिलं होतं. निजामपुऱ्यातले जुने मंडपवाले. या गावांतली निम्मी लग्नं त्यांच्या वडिलांच्या कनातींखाली झालेली. दोन दिवस आधी त्यांनी लोखंडी सांगाडा उभा केला, वर पांढरं-गुलाबी कापड चुण्या घालून ताणलं, पंखे टांगले. दाराजवळच्या शेवटच्या गाळ्याशी, म्हणजे मांडवाच्या चार खांबांमधल्या कप्प्याशी, येऊन ते थांबले.

"मॅडम, आगे का एक गाला खाली रखूँ? इधर का रिवाज है."

"नहीं भाई, पूरा करो."

"पूरा?"

"पूरा."

"जैसा आप बोलो," ते म्हणाले आणि शिडीवर चढले. आता आठवतं की चढताना त्यांनी एकदा काकींकडे पाहिलं होतं. दोन माणसांनी मला दोनदा सांगितलं होतं, आणि मी लाल रेघांच्या भरात दोन्ही वेळा मान हलवली होती.

मांडवाच्या दिवशी सकाळी सगळं जिथल्या तिथे होतं. सॅटिनचे झगे घातलेल्या दोनशे खुर्च्या. दोनशे ग्लास कोकम सरबत, वर जाळी झाकलेली. नव्या कापडाचा खळीचा वास, खाडीवरून येणारी खारट हवा, हमरस्त्यावरून गोदामांकडे वळणाऱ्या ट्रकांचे भोंगे. फोटोग्राफर तिपाई लावून उभा. तक्त्यात लिहिलं होतं, दहा वाजता मुहूर्तमेढ, सव्वादहाला फोटो, साडेदहाला सरबत.

दहा वाजले. साडेदहा वाजले. सगळ्या खुर्च्या रिकाम्या. घरची माणसं तेवढी इकडून तिकडे फिरत होती, हात मागे बांधून, अगदी पाहुण्यांसारखी.

धवलारीण धर्मीबाय पहिल्या रांगेत बसली होती. सत्तरीची असेल. हिरवं लुगडं, गालात पान. मी तिच्याजवळ जाऊन म्हटलं, "आजी, गाणं सुरू करू या का? उशीर होतोय."

तिने मागे वळून दोनशे खुर्च्यांकडे पाहिलं. "गाना कोनाचे पुरं गाऊ? या खुर्च्यांचे?"

अण्णा नवा पांढरा सदरा घालून बाहेर आले. "गाव कुठं हाय?"

"बोलावलाच न्हाय तं येल कसा?" काकी म्हणाल्या.

अण्णा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते माझ्याकडे वळले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "बग तुझे कागदान. आता काय लिवलाय?"

मी खरंच कागदात बघितलं. ते आठवलं की आजही कानशिलं गरम होतात.

प्रतिभा पिवळी साडी नेसून खिडकीत उभी होती. तिने मला हाताने बोलावलं आणि हळूच म्हणाली, "वंदू, माझ्या मांडवाला गाव आलं नाही ना, तर अण्णा या गावात मान वर करून चालणार नाहीत. काहीतरी कर." आणि खरं सांगते, माझ्या डोळ्यांसमोर त्या वेळी ना प्रतिभा आली ना अण्णा. मला दिसला टीव्हीवरच्या रुमालाखालून डोकावणारा कागदाचा कोपरा. मैत्रिणीच्या दारात उभं राहून मी आधी माझाच विचार केला. याची लाज नंतर वाटली, तेव्हा वेळ नव्हता.

मी धर्मीबायशी वाद घातला. "आजी, पण मांडवाचं, हळदीचं आमंत्रण आहे ना सगळ्यांना. घरोघर पत्रिका दिल्यात."

"पत्रिका पावन्यांना. गाव काय पावना हाय? ज्याचे घरान कामाला बोलावत न्हाय, त्याचे घरान जेवाला कोन जाल?" पान एका गालातून दुसऱ्या गालात गेलं. मग ती खुर्चीच्या दांड्यांवर जोर देऊन उठली. "चल. तू पन चल. तोंड दाखवाला पायजे."

काकी पुढे, धर्मीबाय मध्ये, मी मागे, अशा आम्ही तिघी भर उन्हात निघालो. पहिलं घर दामूबाबांचं. भावकीतले सगळ्यात थोरले. ओटीवर जाळं शिवत बसले होते. आम्हाला बघूनही सुई थांबली नाही.

"दामूकाका, मांडवाला चला," काकी म्हणाल्या.

"मांडव तं झाला म्हनं. मी रस्त्यावरशी बगला. चांगला हाय." सुई जाळ्यातून गेली आणि आली. "उंबराची फांदी कुठं बांधाची त्याला? लोखंडाला?"

मी पुढे झाले. "बाबा, चूक माझी आहे. यांची नाही. बोलावणं फिरवू नका असं मी सांगितलं."

"तू कोन?"

"मी… हा सगळा कार्यक्रम बघते."

"बगाला तं आमी पन येनार होतो. करनारा कोन हाय?"

धर्मीबाय फस्सकन हसली. मला रडू येत होतं. दामूबाबांनी जाळं बाजूला ठेवलं. "पुरचा गाला सोर आधी. दारातला मोकला कर. मंग आमी येतो."

म्हणजे मांडवाचा पुढचा भाग उतरवायचा. दोन दिवस खपून, चुण्या मोजून घालून घेतलेला.

शब्बीरभाईंना मी हे सांगितलं तेव्हा ते नारळाच्या झाडाखाली विडी ओढत होते. "शादी के बाद खोलते हैं मॅडम, पहले नहीं," ते म्हणाले. मग माझा चेहरा बघून त्यांनी विडी विझवली. "ठीक है. खोलता हूँ. मैं पूछा था ना?"

"पूछा था भाई."

"बस. इतना याद रखो."

कापड उतरलं, नळ्या उतरल्या, पंखा उतरला. तेवढ्यात वीज गेली आणि उरलेले पंखेही थांबले. दुपारचे साडेबारा. मोकळ्या झालेल्या जागेवर ऊन धपकन पडलं. मग एकेक माणूस येऊ लागला. खांद्यावर पहार, हातात कोयता, डोक्यावर फांद्यांचा भारा. कोणी माझ्याकडे बघून म्हणाला, "शिकलेली पोर हाय. मांडव आधी बांदाचा मंग सोराचा, असा शिकवतात वाटता कॉलेजान." बाकीचे हसले. मीही हसल्यासारखं केलं. आंब्याच्या ओल्या पाल्याचा वास सुटला आणि खळीचा वास कुठल्या कुठे गेला.

त्याच वेळी मला बाबा दिसले. भिवंडीतली वीज सकाळीच गेली आणि शेड बंद झाली, म्हणून आईने दिलेला डबा घेऊन ते टेमघरहून आले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, रस्त्याच्या कडेला, डबा दोन्ही हातांत धरून उभे. किती वेळ उभे होते कोण जाणे. म्हणजे त्यांनी मांडव उतरतानाही बघितला असणार. मला वाटलं, संपलं. आता त्यांना काही सांगायचीही गरज उरली नाही.

दामूबाबांनीही त्यांना बघितलं. "तुमी कोन?"

बाबांना ऐकू गेलं नाही. मी ओरडून सांगितलं, "माझे वडील आहेत."

"पोरीचा बाप हाय? मंग भायेर कशाला उभा? या. हात लावा."

बाबांनी डबा माझ्या हातात दिला. बाह्या दुमडल्या. कोणीतरी त्यांच्या हातात पहार दिली, आणि पहार हातात आल्यावर त्यांचा खांदा जसा वळला, तसा मी भिवंडीत कधी पाहिला नव्हता. शेडमध्ये ते धोटा बदलतात, तुटलेला धागा जोडतात, ती सगळी बोटांची कामं. हे दुसरंच होतं. गावाकडे मांडव घालायला त्यांना आसपासच्या पाड्यांवरून बोलावणं यायचं, असं आई एकदा बोलली होती. भिवंडीत आल्यापासून त्यांना कोणी कशाला बोलावलं नव्हतं. आमच्याच चाळीत लग्नं झाली, हॉल घेतले गेले, आम्ही आहेर देऊन जेवून आलो.

"दीड हात तरी खाली जाऊ द्या," बाबा म्हणाले. त्यांना आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. सगळा मांडव त्यांच्याकडे बघायला लागला.

"बाबा, ही खारी जमीन हाय," दामूबाबा तितक्याच मोठ्याने म्हणाले. "दोन हात लागतील."

"दोन हात तं दोन हात," बाबा म्हणाले आणि खणायला लागले.

पांढऱ्या शर्टावर मातीचे शिंतोडे उडत होते. मुहूर्तमेढ उभी राहिली, वर उंबराची फांदी बांधली गेली. तेव्हा धर्मीबायने पान थुंकलं, पदर खोचला, आणि तिच्या त्या किरट्या देहातून असा आवाज निघाला की ट्रकांचे भोंगे ऐकू येईनासे झाले. बायकांनी सुपं घेतली. सॅटिनच्या खुर्च्या कोणीतरी भिंतीशी रचून ठेवल्या, कारण बसायला कोणाला सवड नव्हती. सरबत तेवढं संपलं. उकाडा वाढला तसे माझ्या तक्त्याचे बारा कागद कव्हरातून बाहेर निघाले आणि बायकांनी ते वारा घ्यायला वाटून घेतले. मी "अहो, अहो" म्हणत होते. कोणी लक्ष दिलं नाही. प्रतिभाच्या मावशीच्या हातात पान क्रमांक चार होतं. त्यावर लिहिलं होतं, यजमानांनी विश्रांती घ्यावी.

सगळं तीन तास उशिरा झालं. जेवायला बसताना अण्णांनी बाबांना हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं.

हळदीचं सगळं गावानेच हातात घेतलं, आणि संध्याकाळच्या आत आम्ही रिक्षाने घरी निघालो. बाबांच्या शर्टावरची माती वाळून पांढरी पडली होती. त्यांच्या तळहाताला फोड आला होता, त्यावर ते अंगठा फिरवत होते. मी वाट बघत होते ते फॉर्मचं काढतील म्हणून. ते रस्ताभर एकच वाक्य बोलले, "ती जमीन खरंच खारी हाय." आता यातून मी काय समजायचं होतं?

पुढच्या उन्हाळ्यात मी पुढचा गाळा मोकळा ठेवायला लागले आणि तिथे एक खांब आडवा टाकायला लागले. लोकांना ते आवडत नाही. सगळं तयार पाहिजे असतं, फोटोसारखं. "एवढं पण करत नाही तुम्ही?" असं तोंडावर म्हणतात. मी दर वेळी ऐकून घेते, दर वेळी समजावते, आणि कधी कधी वाटतं की सरळ खांब लावून मोकळं व्हावं. डोक्याला ताप नको. आज सकाळच्या काकांचा साडेदहाला पुन्हा फोन आला. पाठीमागून इतका कालवा येत होता की ते ओरडत होते. "मॅडम, खांब लागला. पण आता फांदी कोणी बांधायची यावरून दोन भाऊ भांडतायत. तुम्ही या जरा."

"मी नाही येणार," मी म्हटलं. "ते तुमचं गाव बघेल."

चहा पुन्हा गार झाला.

फॉर्मचं सांगायचं राहिलं. मे संपत आला होता. कशेळीनंतर मला एकही काम आलं नव्हतं, आणि मी मनाची तयारी करत होते. एका सकाळी टीव्हीवरचा रुमाल उचलला तर फॉर्म नव्हता. आईला विचारलं, तिला माहीत नव्हतं. संध्याकाळी बाबा शिफ्टवरून आले, हातपाय धुतले, आणि शर्टाच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढून माझ्यापुढे धरला. बी.एड.चा फॉर्म. मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांच्या चौथीच्या अक्षरात नावं लिहिली होती, एकाखाली एक, काही खोडून पुन्हा लिहिलेली. लूमच्या पाळीत, एक धागा जोडून दुसरा तुटायच्या मधल्या वेळात लिहिली असावीत. कागदाला तेलाचे डाग होते.

"चुलत्याच्या पोराचं लग्न हाय, पावसाच्या आधी," ते म्हणाले. "गावाला. तूच कर. ही मांडवाला बोलवायची घरं. एक पण सुटता कामा न्हाय."

"बाबा, हा फॉर्म आहे."

"काय?"

मी पुन्हा ओरडून सांगितलं नाही.

तो कागद माझ्या ऑफिसात टेबलाच्या काचेखाली आहे. नावांची बाजू वर. त्यातली बरीच माणसं आता नाहीत. अधूनमधून काच पुसताना मी तो उलटून बघते. पुढच्या बाजूला अर्जदाराचं पूर्ण नाव लिहायची जागा अजून कोरी आहे.